स्वयंपाकघरातला मासा

त्या बुधवारी दारातच माशाचा वास आला तेव्हा मला आधी वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरतो आहोत. वाटायला कारणही होतं. धुळ्याची मीटिंग आटोपून निघालो तर एस.टी. पारोळ्याच्या अलीकडे पंक्चर. बाभळीच्या अर्धवट सावलीत उभं राहून डोकं भणाणून गेलेलं, आणि आमच्या कॉलनीतली घरं सगळी एका साच्यातली. तेच जाळीचं दार, तीच पिवळी भिंत. माणूस चुकू शकतो. मी दोन पावलं मागे येऊन पाटी वाचली. गिरधर भंगाळे, कालवा निरीक्षक. पाटी माझीच. दाराशी काढलेल्या चपला द्रौपदाच्या, आणि आत टीव्हीवर बातम्या लागलेल्या, कुणी बघत नसलेल्या. वास येत होता तो थेट स्वयंपाकघरातून. कच्च्या माशाचा नव्हे, शिजत आलेल्या माशाचा, हळद-लसूण लागलेल्या. मी दारात उभ्या उभ्या दोनदा नाक ओढून घेतलं. पोटात भूक उठली ती उठलीच, पण तिच्या मागोमाग भीतीही उठली, आणि आपण कशाला भ्यालो हे काही मला कळेना.

आमच्या घरात मासा खपत नाही. म्हणजे मला खपतो, घराला खपत नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. आमच्याकडे, यावलच्या बाजूला, ही जुनी रीत आहे. बाप्ये मटण-मासे खातात, पण मळ्यात खातात. त्याची भांडी वेगळी, ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहतात. चूल तीन दगडांची, रांधणाराही बाप्याच. खाऊन झालं की विहिरीवर आंघोळ करायची, धोतर बदलायचं, मग घराचा उंबरठा. बाया सगळं जाणतात आणि काहीच जाणत नाहीत. माझा बाप असा जगला, आजाही असाच. मी नोकरीसाठी जळगावला आलो, मळा मागे राहिला, त्या जागी गच्ची आली, एवढाच फरक. जिन्याखाली बारदानात माझी भांडी बांधलेली असतात. एक पातेलं, तवा, दोन जर्मनच्या ताटल्या, रॉकेलचा स्टोव्ह. द्रौपदा बोदवडकडची, नाकासमोर चालणारी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला समोर बसवून सांगून टाकलं होतं, "तुम्ही खा, मी नही म्हनत नही. पन मह्या चुलीजवळ नको." त्यात राग नव्हता की विनवणी नव्हती. मग रविवारी मी गच्चीवर जायचो. मासा करायचा, खायचा, लिंबाच्या सालीनं हात घासायचे आणि त्या रात्री बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडायचं. आमची शैला लहान असताना विचारायची, पप्पा आज बाहेर का झोपले? द्रौपदा सांगायची, त्यांचा रविवार आहे. शैला मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली, तरी माझा रविवार तसाच राहिला. आणि आज तर बुधवार होता.

स्वयंपाकघराच्या दारात मंदाबाई आडव्या आल्या. या आमच्या शेजारीण, सरकारी दवाखान्यात नर्स. बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडून आमच्याकडे येते आणि भरताचा डबा आमच्याकडून त्यांच्याकडे जातो, असा जुना घरोबा. हात पदराला पुसत त्या बाहेर निघाल्या होत्या. मला पाहून क्षणभर थबकल्या. "भाऊ, गरम आहे तोवर जेवून घ्या. थंड झाल्यावर त्यात मजा नाही," असं म्हणाल्या, पण म्हणताना बघत होत्या माझ्या खांद्यावरून पलीकडच्या कॅलेंडरकडे. एरवी ही बाई मला टोमणा मारल्याशिवाय पुढं जात नाही. भाऊ, कालव्याला पाणी कधी सोडता, आमचे नळ कोरडे पडले, असं काहीतरी बोलणारच. आज काही नाही. गेल्याच. मी आत पाहिलं. ओट्यावर, गॅसच्या शेगडीला लागून, ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. शैलाला केकचं वेड लागलं तेव्हा घेतलेला, ती गेल्यापासून माळ्यावर पडलेला. त्याच्यासमोर स्टुलावर द्रौपदा बसली होती आणि काचेतून आत बघत होती. वर फळीवर देव. सांजवात नुकतीच लावलेली. देवांच्या खाली, हातभर अंतरावर, मासा भाजला जात होता.

"आले का? हातपाय धुवा. झालंच," ती म्हणाली.

"हे काय आहे?"

"मासा."

"ते कळतंय मला. इथं?"

"मग कुठी? ओव्हन काय गच्चीवर नेऊ?"

तिनं असं सहज म्हटलं, जसं काही रोजच हे चालतं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं हळदीनं पिवळी होती, आणि डाव्या मनगटावर, बांगडीच्या जरा वर, माशाचं एक खवलं चिकटलेलं होतं. दिव्याच्या उजेडात ते चमकत होतं. माझ्या बायकोच्या हाताला माशाचं खवलं. मला ते बघवेना, आणि त्याच्यावरून नजरही हलेना. मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि कितीतरी वेळ नुसताच पाण्याखाली हात धरून उभा राहिलो. तिथं उभ्या उभ्या मला नानांची वाटी आठवली, आणि मग कळलं की आपण कशाला भ्यालो.

नाना म्हणजे माझे थोरले काका, देवचंदनाना. चांगला धिप्पाड माणूस, केळीचा घड एका हातानं उचलून खांद्यावर टाकायचा. त्यांच्या घशात काही झालं होतं. भुसावळच्या डॉक्टरनं पाहिलं आणि बाहेर येऊन माझ्या बापाला म्हटलं, आता पथ्य नको, जे मागतील ते द्या. आपल्याकडे हे वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरला पुढचं काही बोलावं लागत नाही, नातेवाइकांना विचारावं लागत नाही. घरी येऊन बापानं ते तानुबाईच्या, म्हणजे माझ्या काकूच्या, कानावर घातलं. ही काकू अशी की नाना मळ्यातून आले तर त्यांच्या वहाणासुद्धा ओसरीवर चढू द्यायची नाही. तिनं त्या दिवशी काय केलं? मळ्यातून रस्सा मागवला, आपल्या देवाच्या भांड्यांतली पितळी वाटी घेतली, तीत तो ओतला, आणि डोक्यावरचा पदर सांभाळत आपल्या हातानं माजघरात नानांच्या खाटेशी घेऊन गेली. मी तेव्हा दाराशी होतो, पाहत होतो. नानांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही बरे होणार, असंच सगळे म्हणत होते, आणि नानाही मान हलवत होते. पण वाटी पाहिली आणि ते समजले. आधी वाटीकडे पाहिलं, मग काकूच्या तोंडाकडे, आणि भिंतीकडे कूस वळवली. रस्सा तसाच राहिला. चार-आठ दिवसांत नाना गेले. घरातला कुणी त्या वाटीबद्दल पुढं कधी बोलला नाही.

मी नळ बंद केला. आता सगळं ओळीनं समोर येऊ लागलं. महिन्याभरापासून माझ्या पोटात जळजळ होती, कधी मध्येच कळ यायची. मी दुर्लक्ष करत होतो, द्रौपदानं ऐकलं नाही, एका खाजगी दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून तपासलं. ते काय सुख असतं ते मलाच माहीत, घशातून साप सोडल्यासारखं. निकालासाठी शनिवारी बोलावलं होतं, आणि शनिवारी मी पाटाच्या फुटलेल्या बांधावर चिखलात उभा होतो. द्रौपदा गेली, सोबत मंदाबाई गेल्या. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "काही नही. पित्त आहे. तिखट-तेलकट बंद करा म्हने." मान वर न करता म्हणाली. मी मूर्ख, मला वाटलं भाकरीकडे लक्ष आहे. त्या दिवसापासून ती नीट जेवत नव्हती. रात्री मध्येच उठून बसायची. विचारलं तर म्हणायची, उकडतं. चेहरा तर महिन्याभरात उतरलेला, पोलक्याच्या बाह्या दंडाभोवती सैल झालेल्या. नवऱ्याला असं काही झाल्यावर कुठल्या बाईच्या घशाखाली घास उतरेल? आणि आता हा मासा. डॉक्टरनं ते वाक्य उच्चारलं असणार. जे मागतील ते द्या. मी तर मागितलंही नव्हतं, तिनंच ओळखून आणलं. कमाल झाली हिची, मला वाटलं, आणि त्याच क्षणी रागही आला. अगं, सांगायचं तरी! माणसाला स्वतःचं मरण बायकोच्या स्वयंपाकावरून ओळखावं लागावं?

मी पाटावर येऊन बसलो. तिनं ओव्हनचं बटण बंद केलं, फडक्यानं धरून झाकण उचललं. आत केकचाच डबा होता, त्यात केळीचं पान आंथरलेलं, पानाच्या घडीत मासा. पान कडेनं करपून तपकिरी झालं होतं. ते तिनं चिमट्यानं उलगडलं तशी वाफ वर आली आणि तिनं तोंड बाजूला फिरवलं. नाकाला पदर लावला नाही. लावायचं तिच्या मनात आलेलं मला दिसलं, हात अर्ध्यावर गेलाही होता, पण तिनं तो खाली घेतला. रोहूचे दोन तुकडे माझ्या ताटात वाढले. रोजच्या ताटात. तेच स्टीलचं ताट, ज्याच्यावर लग्नातलं नाव कोरलेलं आहे. बाजूला कळण्याची भाकरी, चिरलेला कांदा. "यात तिखट नही," ती म्हणाली. "हळद, मीठ, लिंबू, आलं-लसून, कोथिंबीर. तेल चमचाभर. वाटन नही, फोडनी नही. पानात गुंडाळा, ठेवून द्या, अर्ध्या तासानं काढा. मधी पाहाचंबी काम नही." हे ती पाठ केल्यासारखं म्हणत होती. मला वाटलं, माझ्या नजरेला नजर द्यायला लागू नये म्हणून बोलते आहे. मी घास घेतला.

काय सांगू, चांगला झाला होता. त्याचाच मला जास्त राग आला. मी जन्मभर मासा केला तो लोटनच्या पद्धतीनं. लोटन आमचा पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारा, जातीनं भोई, साक्री तालुक्यातला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी धुळ्याकडे होतो तेव्हा कालव्यावरच्या चौकीत त्यानं मला शिकवलं. कांदा विस्तवात काळा होईस्तोवर भाजायचा, खोबरं भाजायचं, पाट्यावर बसून वाटायचं, मग तेल सुटेपर्यंत परतत राहायचं. मी घाई केली की तो पळी हिसकावून घ्यायचा. "मासाले घाई चालस नही, साहेब. घाई करी का काटा लागस." दुपारी सुरू केलेला रस्सा खायला दिवस कलायचा. पाटात पाणी सुटलेलं असायचं, त्याचा आवाज यायचा, आणि आम्ही दोघं मुकाट्यानं खायचो. मासा म्हणजे माझ्या लेखी ते सगळं होतं. अर्धा दिवस, धूर, तिखटानं आलेलं नाकातलं पाणी. आणि हा पानातला मासा पांढरा, मऊ, काट्यापासून आपोआप सुटणारा, जिभेवर लिंबाची नुसती चव ठेवणारा. त्यात कष्टच नव्हते. आजाऱ्याचं खाणं, मला वाटलं. दात पडलेल्याला, घसा गेलेल्याला, पोटात काही न ठरणाऱ्याला भरवतात ते. मी काटे काढत सावकाश खात राहिलो. नानांनी तोंड फिरवलं होतं. मला तेवढंही जमलं नाही, कारण भूक लागली होती.

खाता खाता मी मेलो. म्हणजे मनातल्या मनात सगळं उरकून घेतलं. ओसरीवर कॉलनीतली माणसं उभी राहिलेली पाहिली, ऑफिसातले लोक घड्याळाकडे बघताना पाहिले, माझ्या टेबलावर बसायला टपलेला मोतीलाल चेहरा लांब करून आलेला पाहिला. सोंगाड्या लेकाचा. शैला नाशिकहून यायला उशीर होणार, तोवर थांबायचं की नाही यावर दोन तट पडलेले पाहिले. द्रौपदाचं कपाळ पाहिलं, आणि तिथं मात्र माझा घास अडकला. बाई एकटी कशी राहील? रात्री पालीला भिते. बँकेत सही करताना हात कापतो. सिलिंडर लावता येत नाही, तो मी लावतो. मला तिची दया आली, अशी दाटून आली की ताट धूसर झालं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दयेत मला थोडं बरंही वाटत होतं. माझ्यासाठी एवढं कुणी झुरतं आहे, माझ्यासाठी हिनं देवाखाली मासा भाजला. एवढी वर्षं मी बाहेरच्या खोलीत झोपलो, त्या सगळ्या रात्रींचं तिनं आज एका ताटात फेडून टाकलं, असं काहीबाही माझ्या मनात येत होतं. माणूस स्वतःच्या मरणावरसुद्धा किती खूश होऊ शकतो!

ती समोर स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती. जेवत नव्हती. मी वर पाहिलं की नजर ताटावर न्यायची. शेवटी मला ते सोसवेना. मी हातातला घास खाली ठेवला.

"द्रौपदा, सांगून टाक. किती दिवस दिलेत डॉक्टरनं मला?"

"काय?"

"लपवू नको. नानांना काकूनं वाटी दिली होती, मी पाहिली आहे. मी काय लहान पोर आहे? माझ्या पोटात काय आहे ते स्पष्ट सांग."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडावर काहीतरी फुटलं, मला वाटलं रडते की काय, पण ती हसली. हसता हसता तिनं कुशीवर हात दाबला.

"तुमाले? अहो, तुमाले काय धाड भरली? पित्त आहे म्हने डॉक्टर. गच्चीवरचं ते तिखटजाळ बंद करा, शंभर वर्सं जगसान."

"खरं?"

"मह्या गळ्याची आन."

मी तिच्याकडे पाहिलं. द्रौपदा अशी शपथ खोटी खात नाही. खाऊच शकत नाही. एकदा शैलाच्या मार्कांवरून खाल्ली होती तर आठवडाभर उपास करत बसली होती. म्हणजे खरंच पित्त. मी मरत नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ती कुथत होती, आणि मला तिचाही आवाज गोड लागला. छातीवरची धोंड अशी उतरली की मी मोठ्यानं हसलो. "अगं, मग आधी बोलायचं ना! मी इथं तिरडी बांधून मोकळा झालो." असं म्हणून भाकरीचा मोठा तुकडा मोडला. माशाचा दुसरा तुकडा ओढला. आता तो आजाऱ्याचा लागेना. आता तो नुसता छान मासा होता, लिंबाचा, कोथिंबिरीचा, कडेला पानाचा किंचित करपट वास असलेला. मी मिटक्या मारत खाल्ला. बोटं चाटली. मंदाबाईंची तारीफ केली, ओव्हनची केली, रोहूची केली. म्हटलं, लोटनला एकदा खाऊ घातला पाहिजे, म्हणेल हा कसला सासुरवाडीचा मासा. द्रौपदा ऐकत होती. मी काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले, पाणी प्यायलो, आणि ढेकर देऊन मग विचारलं, "पण मग हे खूळ काय काढलं? आज एकदम घरात?"

ती हाताला लागलेली हळद नखानं खरवडत राहिली.

"द्रौपदा?"

"तुमाले दुसरं काय येतं?" ती म्हणाली. "कुकर लावता येत नही. पोळी तर जाऊच द्या. मी माहेरी गेली का तुम्ही हाटेलात शेवभाजी खाता आनि चार दिवस पोट धरून बसता. मासा तेवढा हौसेनं करता. म्हनून म्हटलं मासाच घ्यावा. पन तुमचा तो दिवसभराचा, तिखटाचा. नोकरीवरून आल्यावर कोन वाटन वाटीन? मंदाबाईले म्हटलं, सोपं काही सांगा. थकून आलं तरी करता येईन असं."

"पण कशासाठी? तू आहेस ना."

असं मी म्हणालो. म्हणून गेलो, आणि मग ते माझं मलाच ऐकू आलं. टीव्हीवरच्या बातम्या संपून कसलंसं वाद्य लागलं होतं.

"शनिवारी तुमचं इचाराले गेलो ना," ती म्हणाली, "तवा मंदाबाईनं मलेबी दाखवलं. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या बाईले. मले तीन-चार महिन्यांपासून जात होतं अंगावरून. म्हटलं वयाचं असीन. सोमवारी परत बोलावलं होतं, तुम्ही ऑफिसात होते. पिशवीत गाठ आहे. वाईट आहे म्हने, आनि लई पुढं गेली. मुंबईले न्या म्हने, पन मंदाबाईले मी खोदून इचारलं. मंदाबाई खोटं नही बोलत." ती थांबली. "शैलाले अजून सांगू नका. तिचे दिवस भरत आले."

मी तिच्याकडे पाहिलं. उतरलेला चेहरा, सैल बाह्या, स्टुलावर बसून केलेला स्वयंपाक, रात्री उठून बसणं. हे सगळं मी पाहिलं होतं. एकूण एक पाहिलं होतं, आणि सगळं माझ्या नावावर लावून घेतलं होतं. कुशीवर दाबलेला तिचा हात अजून तिथंच होता. मला काही बोलायचं होतं. उद्याच मुंबईला जाऊ, मोठे डॉक्टर असतात, असं काहीतरी. ते मी बोललोही असेन, कारण ती "जाऊ, जाऊ" असं म्हणत होती, लहान मुलाचा हट्ट पुरवतात तसं. माझ्या ओठांना माशाची चव होती. मिटक्या मारल्याचा आवाज माझ्याच कानात होता.

"आनि गच्चीवर नही जायचं आता," ती म्हणाली. "म्हनून इथं ओट्यावर केला. मी नसली का तुम्ही त्या बारदानातली भांडी घेऊन वर जाऊन बसान. एकटे. अंधारात. मले ठाऊक आहे ना. घर खाली पडीन अन् तुम्ही वर. ते मले नको. इथं शिजवा, इथं बसा, इथं जेवा, दिवा लावून."

"देवांचं काय?" मी म्हटलं.

"मी सांगितलं त्याहीले. ते काय नही म्हनतीन? त्याहीनं तरी मह्या मनासारखं कुठी केलं?" मग ती म्हणाली, "उठा. एक तुकडा कच्चा ठेवला आहे. तो तुम्ही लावा, मी बसून सांगते."

मी उठलो. ताटलीत रोहूचा तुकडा होता, धुतलेला, आणि त्याच्या बाजूला सगळं वाटीवाटीतून काढून ठेवलेलं. एवढ्या वर्षांत मी किती मासे केले असतील, डोळे झाकून केले असते. पण आता मी केळीचं पान घेतलं आणि उलटं आंथरलं. "सुलटं करा," ती म्हणाली. मी सुलटं केलं. मग विचारलं, "आधी हळद की लिंबू?" "काहीबी." मी लिंबू पिळलं, ते डब्याच्या बाहेर. मीठ न लावताच पान मिटायला घेतलं. "मीठ," ती म्हणाली. "किती?" "तुमच्या हाताले ठाऊक नही?" "नाही." मी मिठाचा डबा उघडून उभा राहिलो. खरंच माहीत नसल्यासारखा. पहिल्यांदा हात खरोखरच चुकले होते. पण आता मला कळलं होतं की हे चांगलं आहे, हे असंच चुकत राहायला पाहिजे. ज्याला येत नाही त्याला शिकवावं लागतं. शिकवायला माणूस लागतं. "मला नाही जमत हे," मी म्हणालो. "उद्या परत दाखव."

तिनं मिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"परवा दाखव. मला डोकं नाही. दिवाळीपर्यंत नाही जमायचं मला, शैलाच्या पोराच्या बारशापर्यंत नाही जमायचं. तू रोज दाखव."

"सोंग करू नका," ती हळूच म्हणाली.

"सोंग नाही. नाहीच येत."

ती स्टुलावरून उठली. ओट्याला धरून माझ्याजवळ आली आणि माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता. श्वास लागला होता. चार पावलं चालण्याचा. "अहो," ती म्हणाली, "मले दम लागतो हो. रोज नही उभं राहवत. आज राहिली तर दुपारपासून पडूनच होती मी, मंदाबाईले इचारा. नीट पाहून घ्या. मह्यासाठी घ्या."

मी मीठ घेतलं. बोटांत जेवढं मावतं तेवढं, नेहमी घेतो तेवढं, आणि माशाच्या दोन्ही अंगांना लावलं. हळद लावली, आलं-लसूण लावलं, कोथिंबीर दाबली. पान मिटलं, घडी खाली घेतली, डबा ओव्हनमध्ये बसवला. एकही चूक केली नाही. "बरोबर आहे?" मी विचारलं. तिनं वाकून आत पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागलो, आमच्या घरात कुणी कधी रडलं नसेल तसा.

"रडा," ती म्हणाली. तिचा हळदीचा हात माझ्या पाठीवर होता. "पन झाकन लावा आधी."

मी झाकण लावलं आणि बटण दाबलं.